बास्करव्हिलचा कुत्रा आणि नगरचा बिबट्या

हेरकथा म्हणजे फावल्या वेळचें वाचन, अशी सुशिक्षित घरांतून सर्वसाधारण समजूत असते. आगगाडीच्या प्रवासांत वेळ जावा म्हणून ती हातीं घ्यावी, आजारपणांत उशाशीं ठेवावी आणि गुन्हेगाराचें नांव कळतांच मिटून टाकावी, एवढीच तिची योग्यता मानण्यांत येते. पुष्कळ हेरकथांच्या बाबतींत ही समजूत खरीही आहे. परंतु कांहीं थोड्या कथा अशा आहेत कीं, गुन्हेगार कोण हें ठाऊक झाल्यावरही त्या पुन्हां वाचाव्याशा वाटतात. कारण खून कोणी केला यापेक्षां, खरें काय तें माणसानें कसें ओळखावें, हा त्यांतील प्रश्न मोठा असतो. सर आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी अशा कथांपैकीं एक होय. तिचें कथानक इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत घडतें. पण तिच्यांतील प्रश्न अहमदनगर जिल्ह्यांतील, म्हणजे २०२४ सालापासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यांतील, शेतकऱ्याच्या उंबरठ्याशीं येऊन बसलेला आहे, हें थोड्या विचारानें दिसून येईल.

ही कादंबरी ‘स्ट्रँड’ मासिकांतून ऑगस्ट १९०१ पासून एप्रिल १९०२ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९०२ सालींच पुस्तकरूपानें निघाली. तत्पूर्वीं, १८९३ सालीं, डॉयल यांनीं आपला नायक शेरलॉक होम्स याला स्वित्झर्लंडमधील एका धबधब्याच्या कड्यावरून नाहींसा करून टाकला होता. वाचकांनीं पुष्कळ हळहळ केली, तरी लेखक बरींच वर्षें बधला नाहीं. पुढें बर्ट्राम फ्लेचर रॉबिन्सन या पत्रकार मित्राच्या सहवासांत डार्टमूरच्या माळाकडील भुताटकीच्या कुत्र्याची दंतकथा त्यांच्या कानीं आली आणि तिनें त्यांच्या मनाची पकड घेतली. होम्सला जिवंत न करतां, त्याच्या आयुष्यांतील आधींची हकीकत म्हणून त्यांनीं ही कथा लिहिली.

डार्टमूर हा दगडी टेकड्यांचा, दलदलीचा आणि धुक्याचा प्रदेश. तेथील बास्करव्हिल घराण्यांत एक जुनें हस्तलिखित आहे. ह्यूगो नांवाच्या एका दुराचारी पूर्वजानें एका मुलीला पळवून आणलें, ती निसटली, तिच्यामागें तो माळावर धांवला आणि तेथें एका राक्षसी कुत्र्यानें त्याचा गळा फोडला. तेव्हांपासून हें श्वापद त्या कुळाच्या मागें लागलेलें आहे, अशी त्यांतील कथा. अलीकडच्या काळांतील वारस सर चार्ल्स हा दयाळू, श्रीमंत आणि हृदयविकारानें ग्रासलेला गृहस्थ. एका रात्रीं तो आपल्या वाड्याच्या झाडीच्या वाटेवर मरून पडलेला आढळतो. अंगावर जखम नाहीं, चेहरा मात्र भयानें विकृत झालेला. डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलें; आणि कायद्यापुरतें प्रकरण तेथेंच मिटतें. पण त्याचा मित्र डॉ. मॉर्टिमर यानें प्रेतापासून कांहीं अंतरावर एका प्रचंड कुत्र्याचे पंजे उमटलेले पाहिलेले असतात. ही गोष्ट चौकशींत सांगण्याची त्याला लाज वाटली. कारण शास्त्राच्या अभ्यासकानें भूतकथेला दुजोरा दिला, असें लोक म्हणाले असते.

येथें कादंबरीची खरी गंमत सुरू होते. होम्स दंतकथेला हंसत नाहीं आणि तिच्यापुढें मानही तुकवीत नाहीं. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, प्रकरण जर मनुष्यलोकाबाहेरचें असेल तर तेथें हेराचें काम नाहीं. परंतु तसें मानण्यापूर्वीं दुसरे सर्व मार्ग तपासून संपले पाहिजेत. म्हणून तो बारीकसारीक गोष्टी विचारीत जातो. सर चार्ल्स फाटकापाशीं कांहीं वेळ उभा होता, हें तेथें दोनदां झाडलेल्या चिरुटाच्या राखेवरून कळतें; म्हणजे तो कोणाची तरी वाट पाहत होता. पुढें त्याच्या पावलांचे ठसे बदलून केवळ चवड्यांचेच दिसतात. लोक म्हणतात, तो चवड्यांवर चालत गेला. होम्स म्हणतो, तो धांवत होता. जीव तोडून धांवत होता, आणि तोही घराच्या उलट दिशेनें. ठसे सर्वांनीं पाहिले होते, पण त्यांचा अर्थ एकानेंच लावला.

त्याहून नामी गोष्ट बुटाची. नवा वारस सर हेन्री कॅनडांतून लंडनला येतो आणि हॉटेलांतून त्याचा एक बूट चोरीला जातो. तो कोरा, एकदांही पायांत न घातलेला असतो. मग तो बूट परत सांपडतो आणि दुसऱ्या जोडांतील एक जुना बूट नाहींसा होतो. सामान्य माणूस याला हॉटेलच्या नोकरांचा गलथानपणा म्हणून सोडून देईल. परंतु एका बुटाचा चोराला उपयोग काय? आणि नवा टाकून जुना कां न्यावा? जुन्या बुटाला माणसाच्या अंगाचा वास असतो आणि नव्याला नसतो, हेंच एक उत्तर जुळतें. वास कोणाला हवा? भुताला वास लागत नाहीं, कुत्र्याला लागतो. म्हणजे कुत्रा खरा आहे, हाडामांसाचा आहे. आणि जो खरा कुत्रा आहे त्याला खाऊं घालणारा, बांधणारा आणि सोडणारा एक हातही असलाच पाहिजे. एका जुन्या बुटावरून शाप नाहींसा होतो आणि त्याच्या जागीं माणूस उभा राहतो.

तो हात कोणाचा, हें येथें सांगितल्यास ज्यांनीं कादंबरी वाचलेली नाहीं त्यांच्याशीं तो द्रोह होईल. इतकें मात्र सांगण्यास हरकत नाहीं कीं, खुन्यानें शस्त्र उचललेलें नव्हतें. दंतकथा त्याच्या हातीं आयतीच होती. सर चार्ल्सचें हृदय दुबळें आहे हें त्याला ठाऊक होतें. कुत्र्याच्या तोंडाला चकाकणारें द्रव्य फांसण्याचें काम तेवढें त्यानें केलें. बाकीचें काम भयानें केलें. अशा खुनाला पुरावा तरी काय द्यावयाचा? होम्सला सत्य कळल्यानंतरही तो गुन्हेगाराला न्यायासनापुढें उभा करूं शकत नाहीं. पुरावा मिळविण्यासाठीं त्याला सर हेन्रीला धुक्याच्या रात्रीं एकट्यानें माळावरून चालावयास लावावें लागतें. कुत्रा गोळ्यांनीं मरतो, सर हेन्री वांचतो. पण त्याच्या मनाला असा धक्का बसतो कीं, तो सांवरण्यासाठीं त्याला दीर्घ प्रवासास जावें लागतें. सत्य शोधण्याची किंमत कोणी तरी भरतो, आणि पुष्कळदां ती शोधणाऱ्याला भरावी लागत नाहीं, हें डॉयल यांनीं लपविलेलें नाहीं.

या कादंबरीचा नगरशीं एक विलक्षण संबंध आहे. तो जुळतो एका विनोदकाराच्या द्वारें. टेरेन्स ॲलन ऊर्फ स्पाइक मिलिगन हा नभोवाणीवरील प्रसिद्ध हास्यलेखक १६ एप्रिल १९१८ रोजीं अहमदनगर येथें जन्मला. त्याचे वडील ब्रिटिश सैन्यांत नोकरीस होते. त्याचें बालपण पुण्यांत व पुढें रंगूनमध्यें गेलें. दुसऱ्या महायुद्धांत तो तोफखान्यांत होता आणि १९४४ सालीं इटलींतील लढाईंत जखमी झाला. १९५१ ते १९६० या काळांत बी. बी. सी. वरून गाजलेल्या ‘गून शो’चें बहुतेक लेखन त्याचें. त्याच मिलिगननें १९९८ सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, बास्करव्हिलच्या कुत्र्याची कथा आपल्या तऱ्हेवाईक पद्धतीनें पुन्हां लिहिली. तत्पूर्वीं १९७८ च्या एका विनोदी चित्रपटांत, याच कथेंत, त्यानें पोलिसाची लहानशी भूमिकाही केली होती. २००२ सालीं तो वारला. आयुष्यभर मनाच्या आजारानें पछाडलेल्या या माणसाला भयाचें स्वरूप पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. भयाला सामोरें जाण्याचे दोन मार्ग आहेत: एक त्याला हंसणें, दुसरा त्याचा तपास करणें. नगरांत जन्मलेल्या मिलिगननें पहिला पत्करला; होम्सचा दुसरा. आणि योगायोग असा कीं, त्याच नगर जिल्ह्यांत हा दुसरा मार्गही अलीकडे चोखाळला गेला आहे.

नगर जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यांत कळसूबाई व हरिश्चंद्रगड यांचे डोंगर आहेत. तेथूनच प्रवरा निघते. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पूर्ण झालें, कालव्यांचें पाणी खालच्या कोरड्या मुलखांत फिरलें आणि तेथें ऊस उभा राहिला. १९५० च्या सुमारास लोणीजवळ सहकारी साखर कारखान्याचा आरंभ झाल्यावर त्याचा आणखी विस्तार झाला. ऊस वर्षभर आणि कधीं त्याहूनही अधिक काळ उभा असतो. आंत दाट सांवली, जवळ पाणी, कडेला वस्ती, वस्तीवर शेळ्या आणि कुत्रीं. बिबट्यासारख्या लपून राहणाऱ्या जनावराला याहून सोयीची जागा कोणती? ऊसतोडीच्या वेळीं फडांत त्याचीं पिल्लें सांपडतात, हें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं.

ज्या शेतकऱ्याला शेतीपंपाची वीज रात्रीं मिळते, त्याला रात्रींच पाण्याला जावें लागतें. हातांत विजेरी, पायाखालीं चिखल, दोन्ही बाजूंस डोक्याहून उंच ऊस आणि आंत कांहीं तरी हललें. या माणसाला डार्टमूरचें वर्णन वाचून दाखविण्याची गरज नाहीं. आणि त्याचें भय निराधार आहे असें शहरांतील माणसानें म्हणणें हा उद्धटपणा होईल. कारण या जिल्ह्यांत बिबट्यानें माणसें, विशेषतः लहान मुलें, मारल्याच्या घटना घडलेल्या आहेत. ज्या घरांतील मूल गेलें त्या घराला आंकडे सांगून सांत्वन होत नसतें.

परंतु भय खरें असलें तरी त्यावर योजलेला उपाय खरा असतोच असें नाहीं. शेजारच्या जुन्नर भागांत हें अनुभवास आलें. तेथें १९९३ ते २००१ पर्यंत माणसांवर बिबट्याचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होत. पुढें बिबटे पिंजऱ्यांत धरून दूरच्या जंगलांत सोडण्याचा क्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला आणि २००१ ते २००३ या काळांत हल्ल्यांची सरासरी १७ वर गेली. लोकांनीं म्हटलें, बिबटे फार झाले, बिबटे माजले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मात्र होम्सच्या रीतीनें विचारलें कीं, पूर्वीं नव्हतें असें येथें नवें काय घडलें? बिबटे पूर्वींही होते, ऊसही होता, माणसेंही होतीं. नवी होती ती हलवाहलव. अनोळखी मुलखांत सोडलेलें, पिंजऱ्याच्या तडाख्यानें बावरलेलें जनावर अधिक धोक्याचें ठरतें आणि रिकाम्या झालेल्या जागीं दुसरा बिबट्या येऊन बसतोच, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. म्हणजे येथेंही श्वापदाच्या मागें माणसाचा हात होता. भेद इतकाच कीं, कादंबरींतील हात लोभाचा होता आणि जुन्नरमधील हात सद्‌हेतूचा. सद्‌हेतूचा हात ओळखणें अधिक कठीण असतें; कारण त्याच्यावर संशय घेण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

अकोले तालुक्यांतील तपास याहून शांत आणि म्हणूनच अधिक उद्बोधक आहे. तेथें वाटेवाटेवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बसविले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणें तिच्यावरून एकेक जनावर ओळखतां येतें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत असें आढळलें कीं, दर चौरस किलोमीटरला तीनशेंहून अधिक माणसें राहणाऱ्या या शेतीच्या मुलखांत दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारें ५ मोठे बिबटे आणि जवळजवळ तितकींच तरसें नांदत होतीं. माणसांवरील हल्ले मात्र तेथें विरळच होते. बिबट्यांच्या विष्ठेंतील केस तपासून त्यांच्या आहाराचाही शोध लागला. त्यांच्या भक्ष्याचा सुमारें ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा वांटा ३९ टक्के. डार्टमूरवर कुत्र्याच्या भयानें माणूस मेला. अकोल्यांत कुत्राच भक्ष्य ठरला.

याच जिल्ह्यांतील पारनेर तालुक्यांत टाकळी ढोकेश्वर येथें २००९ सालीं एक वयस्क बिबट्या विहिरींत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यांत उपग्रहाद्वारें ठिकाण सांगणारा पट्टा घालून माळशेज घाटांत सोडण्यांत आलें. वयामुळें त्याला ‘आजोबा’ हें नांव पडलें. हा आजोबा घाटांत राहिला नाहीं. सुमारें पंचवीस दिवसांत महामार्ग व लोहमार्ग ओलांडून, सुमारें १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत पोंचला आणि वाटेंत त्यानें कोणाही माणसाला इजा केली नाहीं. २०११ च्या अखेरीस मुंबईनजीकच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेनें एक बिबट्या मेला. तो कोण, हें त्याच्या कातडीखालीं बसविलेल्या सूक्ष्म खुणेवरून कळलें. तो आजोबाच होता. कोणत्याही हेरकथेंत शोभेल अशी ही प्रेताची ओळख. २०१४ सालीं सुजय डहाके यांनीं या कथेवर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट काढला. परंतु त्या प्रवासाचें महत्त्व चित्रपटाहून मोठें आहे. दूर नेऊन सोडलेलें जनावर सोडलेल्या जागीं राहतें, ही समजूत त्या एका पट्ट्यानें पुसून टाकली.

डोंगरांतील जुन्या लोकांनीं या भयाशीं आपल्या परीनें तह केलेला होताच. अकोल्याकडील महादेव कोळी समाज आश्विनांत वाघबारस पाळतो आणि वाघोबाला नैवेद्य दाखवितो. सुशिक्षितांनीं याला अडाणी समजूत म्हणून बाजूला सारण्याची घाई करूं नये. बास्करव्हिलच्या दंतकथेनें माणसाला असें शिकविलें कीं, श्वापद आपल्या रक्ताचा सूड घेण्यास आलेलें आहे. वाघोबा असें शिकवितो कीं, जनावराचा एक मुलूख आहे, आपला एक आहे आणि मधली शीव दोघांनीं राखावी. पहिल्या कथेंतून शत्रु निपजतो, दुसरींतून शेजारी. ज्या माणसाची शेळी काल गेली त्याला शेजारी हा शब्द गोड वाटणार नाहीं, हें खरें. पण बंदिस्त गोठा, घराजवळ उजेड, अंधारांत मुलाला एकटें न सोडणें, सांपडलेलीं पिल्लें जागींच ठेवून मादीला तीं नेऊं देणें, आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणें, हे सारे उपाय शीव राखण्याचेच आहेत. यांतील शेवटचा उपाय एकट्या शेतकऱ्याच्या हातीं नाहीं, हें शहरांत दिव्याखालीं बसून हेरकथा वाचणाऱ्यांनीं विसरूं नये.

कादंबरीचा मोठा भाग होम्सच्या अनुपस्थितींत घडतो. माळावर डॉ. वॉटसन एकटाच असतो आणि जें दिसलें तें पत्रांतून कळवीत असतो. तो होम्सइतका बुद्धिमान नाहीं; त्याचे तर्क बहुधा चुकतात. पण पाहिलेलें काय आणि वाटलेलें काय, यांची तो सरमिसळ करीत नाहीं, आणि म्हणूनच त्याच्या पत्रांतून होम्सला सत्य शोधतां येतें. होम्स होणें प्रत्येकाला साधणार नाहीं. वॉटसन होणें पुष्कळांना साधेल. गांवांत बिबट्या आल्याची वार्ता उठते, तळहातावरच्या यंत्रांतून एक जुनें चित्र शंभर घरीं फिरतें, कोणी म्हणतें एक होता, कोणी म्हणतें पांच होते. अशा वेळीं ठसा कोणी पाहिला, कोठें पाहिला, केव्हां पाहिला, हें विचारणारा एखादा माणूस त्या गांवांत असला, तर पिंजरा योग्य जागीं लागतो, आणि पुष्कळदां तो लावण्याची गरजही उरत नाहीं. फावल्या वेळच्या वाचनानें घराघरांतून असा एकेक माणूस तयार झाला, तर तो वेळ वायां गेला असें कोणी म्हणूं नये.